शेवटच्या टप्प्याला मी नव्हते

मी सायकल बोलतेय. रंग गडद हिरवा, डाव्या बाजूला जरा खरचटलेली, आणि मुक्काम तिसऱ्या मजल्यावरच्या गॅलरीत, कपडे वाळत घालायच्या दोरीखाली. ओल्या टॉवेलचं पाणी ठिबकतं ते थेट माझ्या सीटवर. तक्रार नाही, सांगून ठेवतेय एवढंच.

माझा जन्म कारखान्यातला. तिथलं फारसं आठवत नाही. नळ्या जोडताना उडणाऱ्या ठिणग्या, रंग सुकवायच्या भट्टीतली ऊब, आणि चाक सरळ फिरतंय का ते एक डोळा मिटून पाहणारी एक बाई. बस. तिथून खोक्यात, आणि खोक्यातून दुकानात. दुकानात काचेमागे मी बरेच दिवस उभी होते. लोक यायचे, घंटी वाजवायचे, टरबूज निवडल्यासारखे टायर दाबून बघायचे आणि चालू पडायचे.

मग एक दिवस पन्नाशीकडे झुकलेल्या एक बाई आल्या. त्यांच्या नखांच्या कडेला काहीतरी पांढरं सुकलेलं होतं. ते प्लास्टर होतं, हे मला पुढे कळलं. बाई कवळ्या बनवायच्या. दातांच्या डॉक्टरांनी घेतलेले ठसे त्यांच्याकडे यायचे. त्यात प्लास्टर ओतायचं, साचा काढायचा, आणि मग मेणावर एकेक दात असा बसवायचा की माणूस हसला तर तो त्याचाच वाटावा.

बाईंबरोबर त्यांचे थोरले भाऊ होते. शाळेत भूगोल शिकवायचे. बाई त्यांना दादा म्हणायच्या आणि ते बाईंना ‘ठमे’. एवढ्या मोठ्या बाईला कुणी ठमे म्हणतंय हे ऐकून दुकानदाराने हसू लपवायला पाठ फिरवली.

“दादा, मला जमेल का रे आता? तुझ्या सायकलवर हाफ पेडल मारत शिकले होते. त्यानंतर हात लावलेला नाही.”

“तेव्हा दोन्ही गुडघे फोडून घेतलेस, तेव्हा विचारलं होतंस का जमेल का म्हणून? बस मुकाट्याने.”

बाई बसल्या. दुकानासमोरच्या गल्लीत पहिली फेरी आम्ही दोघींनी जीव मुठीत धरून मारली. दुसऱ्या फेरीत समोर चिटपाखरू नसताना बाईंनी उगाचच घंटी वाजवली. मी ओळखलं, आपलं घर ठरलं.

त्यानंतरची वर्षं मजेची गेली. आठवडाभर घर ते कवळ्यांची प्रयोगशाळा आणि रविवारी दादांबरोबर गावाबाहेर. दादा काटक, त्यांची सायकल काळी आणि त्यांच्यासारखीच घाईची. चढ आला की ते पुढे सटकायचे, आणि आम्ही धापा टाकत वर पोचलो की झाडाला टेकून असे उभे असायचे की जणू तिथेच लहानाचे मोठे झालेत. बाई चिडायच्या. दादांना बाई चिडलेल्या आवडायच्या.

दोघांच्या मनात एक जागा होती. डोंगर ओलांडून पलीकडे, समुद्राच्या काठावर एक दीपगृह. दादांनी वर्गात नकाशावर ते शेकडो मुलांना दाखवलं होतं, स्वतः पाहिलं नव्हतं. तिथवर सायकलने जायचं, वाटेत मुक्काम करत, असा बेत होता.

“एका दमात जायचं हं, ठमे. तुकडे पाडून गेलं तर त्याला जाणं म्हणत नाहीत.”

दरवर्षी पाऊस संपायचा. रस्ते धुऊन निघायचे, हवा हलकी व्हायची, ऊन अंगावर घ्यावंसं वाटायचं. माझ्या चेनला तेल पडायचं. आणि दरवर्षी काहीतरी निघायचंच. एकदा दादांच्या शाळेची तपासणी. एकदा बाईंच्या मुलीचं लग्न. एकदा बाईंच्या यजमानांचं हर्नियाचं ऑपरेशन. बघता बघता ऊन कडक व्हायचं आणि दादा म्हणायचे, “पुढच्या हिवाळ्यात नक्की.”

माणसांची ही एक गंमत मी पाहिलीय. हिवाळा जणू कपाटात घडी घालून ठेवलाय, मनात येईल तेव्हा काढला आणि पांघरला, अशा थाटात ती बोलतात.

दादा निवृत्त झाले. आता वेळच वेळ होता, पण गुडघा कुरकुरायला लागला होता. बाईंची साठी आली. त्या वर्षी पाऊस रेंगाळला आणि दादांना धीर धरवेना. एका रविवारी सकाळी ते दारात हजर.

“अरे, भुरभुर चालू आहे.”

“मग? विरघळणार आहेस?”

बाई निघाल्या. मोठ्या चौकात रस्ता ओलांडायचे पांढरे पट्टे असतात ना, पाऊस पडला की ते पट्टे साबणासारखे होतात. माझं पुढचं चाक त्यावर गेलं आणि माझा माझ्यावर ताबा राहिला नाही. मी डाव्या अंगावर घसरत गेले. बाई पुढे उडाल्या आणि त्यांनी उजवा हात टेकला. हाड मोडल्याचा आवाज फार बारीक असतो.

मनगट मोडलं होतं. कवळ्या करणाऱ्या बाईचं उजवं मनगट. प्लास्टर ओतण्यात ज्यांचा जन्म गेला, त्यांच्याच हातावर प्लास्टर चढलं. हा विनोद त्यांनी पहिल्या दिवशी स्वतःच केला. नंतर केला नाही.

मुलगी दुसऱ्या गावाहून धावत आली. गॅलरीत येऊन माझ्याकडे बघून म्हणाली, “आई, बास झालं आता. हिला विकून टाक.”

यजमान कपातला चहा ढवळत राहिले. साखर कधीच विरघळली होती.

विकलं नाही, पण वापरलंही नाही. तो अख्खा हिवाळा मी गॅलरीत उभी होते. ज्या हवेची आम्ही वाट बघायचो तीच हवा माझ्या तारांमधून जायची आणि मला कुठे नेत नव्हती. टायर बसले, चेनवर तांबूस गंज धरला, सीटवर कबुतरांनी जे करायचं ते केलं. बाई शेजारी खुर्चीत बसून मुठीत रबरी चेंडू दाबायच्या. बोटांना मेणाची सुरी धरवत नव्हती. प्रयोगशाळेत त्यांच्या टेबलावर दुसरं कुणी बसायला लागलं होतं.

दादा बरेच दिवस फिरकलेच नाहीत. आले ते ऊन तापायला लागल्यावर, काठी टेकत.

“मीच म्हणालो होतो, विरघळणार आहेस का म्हणून.”

“मग मी काय कुक्कुलं बाळ होते? मलाही यायचंच होतं. त्यासाठी इतके दिवस तोंड दाखवलं नाहीस होय? बस इथे.”

दादा बसले. काठी कठड्याला टेकवली. मग म्हणाले, “ठमे, जन्मभर ऋतू शिकवले मी. पृथ्वी फिरते, ऋतू परत येतात. आता वाटतं, निम्माच धडा शिकवला. ऋतू येतात गं परत, पण गेल्या वेळी भेटलेला माणूस त्यांना सापडत नाही.”

“फार झालं तत्त्वज्ञान. मुद्द्याचं बोल.”

“दीपगृहाला जाऊ. तुकड्या-तुकड्यांनी. एका दिवसात झेपेल तेवढं जायचं, सायकली बसच्या टपावर टाकायच्या आणि परत. पुढच्या वेळी बसने तिथवर जायचं आणि तिथून पुढे.”

“तूच म्हणायचास ना, त्याला जाणं म्हणत नाहीत?”

“तेव्हा गुडघे माझ्या बाजूने बोलायचे.”

बाई हसल्या. त्या पडल्यापासून मी ऐकलेलं ते पहिलं हसू.

मुलीला कळल्यावर घरात वादळ झालं. मी काचेच्या दाराबाहेरून सगळं ऐकलं. शेवटी बाई शांतपणे म्हणाल्या, “मी पुन्हा पडेन अशी तुला भीती वाटते, ते बरोबर आहे. पण या खुर्चीत बसून मी रोज थोडी थोडी पडतेच आहे. ते कुणाला दिसत नाही, म्हणून चालतं का?”

दुसऱ्या दिवशी परत जाण्याआधी मुलीने एक पिवळंधमक जाकीट आणि माझ्या हँडलला लावायचा छोटा आरसा आणून टेबलावर ठेवला. “वापरणार असशील तरच,” म्हणाली, आणि नाक ओढत जिना उतरली.

मग माझाही कायापालट झाला. हँडल उंच केलं, म्हणजे मनगटावर भार येऊ नये. टायर रुंद आले, गिअर हलके आले. आणि दोघांनी वर्षाशी नव्याने जुळवून घेतलं. पावसात मी गॅलरीत आणि बाई जिन्यात. रोज चढउतार करून पाय तयार ठेवायच्या. थंडीत पूर्वी अंधारातच निघायचो, आता ऊन रस्त्यावर उतरल्याशिवाय निघायचं नाही. सांधे उशिरा जागे होतात, त्यांना ओरडून उपयोग नसतो. उन्हाळ्यात पहाटे तळ्याला एक चक्कर मारायची, सूर्य तापायच्या आत घरी. आणि पाऊस संपल्यापासून ऊन तापेपर्यंतचा जो सोन्यासारखा काळ, तो दीपगृहाच्या रस्त्यासाठी राखून ठेवायचा. त्या काळात घरी कुणी पाहुणे यायचे म्हटलं तर बाई फोनवर सरळ सांगायच्या, “आम्ही नाही आहोत. पावसात या.”

पहिला टप्पा एका पेट्रोल पंपाशी संपला, दुसरा रेल्वेच्या फाटकाशी. बसच्या टपावर मी आणि दादांची काळी सायकल एकमेकींना बांधलेल्या. ती माझ्याशी इतकी वर्षं धड बोलली नव्हती, पण टपावर वारा लागला की ती माझ्यावर रेलायची.

डोंगराचा चढ आला तो टप्पा मला विसरता येत नाही. निम्म्यावर दादा थांबले. आजूबाजूला कुणी बघत नाही ना याची खात्री केली आणि खाली उतरले. बाईही उतरल्या. दोघं आम्हांला हाताला धरून चालायला लागली.

थोड्या वेळाने दादा म्हणाले, “चढाच्या कठड्याला अशी जांभळी फुलं असतात?”

“नेहमीच असतात. तू चढ चढायचास तेव्हा तुझ्या डोळ्यांत घाम असायचा.”

असे दोनतीन हिवाळे गेले. डोंगर मागे पडला. हवेत खारा वास यायला लागला. शेवटचा टप्पा तेवढा उरला.

आणि तेव्हाच दादांच्या नजरेने दगा दिला. परतीची बस पकडायला जाताना सपाट रस्त्यात ते एका खड्ड्यात गेले. पडले नाहीत, पण उतरून म्हणाले, “मला तो दिसलाच नाही. आणि ते विजेचे खांब वाकडे आहेत का गं?”

खांब सरळ होते. डोळ्यांच्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं की कडेचं दिसेल, मधलं हळूहळू जाणार. सायकल बंद.

दादांनी काळी सायकल देऊन टाकली. बाईंना म्हणाले, “तू जाऊन ये. तुझ्या तोंडून ऐकेन.”

“तुझ्याशिवाय गेले तर त्याला जाणं म्हणत नाहीत,” बाई म्हणाल्या आणि महिनाभर तो विषय काढला नाही.

महिन्याने एका रविवारी खाली अंगणात काहीतरी लांबलचक येऊन उभं राहिलं. कठड्याच्या गजांमधून मी वाकून पाहिलं. बाईंनी आणलेली दोघांची सायकल! दोन सीटा, दोन हँडल, एक पुढे बसून चालवणार, दुसरा मागे बसून नुसते पेडल मारणार.

दादा चाचपडत तिच्याभोवती फिरले. “आयुष्यभर मी पुढे होतो, ठमे.”

“म्हणूनच माझी पाठ कशी दिसते ते तुला माहीत नाही. हे जाकीट घातलंय बघ. एवढं पिवळं तर दिसेल ना कडेकडेने?”

“दिसेल,” दादा म्हणाले. मग लगेच म्हणाले, “पण मागून सूचना करणार मी. शिक्षक आहे.”

मैदानात दोघांनी सराव केला. सुरुवातीला एक उजवीकडे झुके, दुसरं डावीकडे, आणि भांडण मात्र दोघांचं एकदम. मग जमलं. आणि थंडीतल्या एका स्वच्छ सकाळी, ऊन रस्त्यावर उतरल्यावर, दोघं शेवटच्या टप्प्याला निघाली. ती लांबुडकी त्यांच्याबरोबर. मी गॅलरीत.

मला वाईट वाटलं. खोटं कशाला बोलू? तिथवरचा सगळा रस्ता मी तुडवला होता. डोंगरावर बाईंनी माझ्या हँडलवर डोकं टेकून श्वास घेतला होता. आणि दीपगृह बघायच्या वेळी मी टॉवेलचं पाणी झेलत उभी.

संध्याकाळी बाई आल्या. पिवळं जाकीट माझ्या हँडलवर टांगलं. त्याला समुद्राचा वास होता. आत जाऊन त्या यजमानांना सांगत होत्या आणि दार उघडं होतं.

“पोचल्यावर दादाने भिंतीला हात लावला आणि तसाच तळवा न उचलता सगळ्या बाजूने फिरून आला. रखवालदार म्हणाला, वर चला, फार छान दिसतं. तर दादा म्हणतो, वरून काय दिसतं ते मी वर्गात शिकवलंय. खालून हात लावायचा राहिला होता. मग आम्ही पायरीवर बसलो. मी त्याला एकेक लाट सांगत होते. तो म्हणाला, गप्प बस ठमे, ऐकू येतंय.”

यजमानांनी विचारलं, “मग आता काय? संपलं?”

“छे! दादा म्हणतो, किनाऱ्याने उत्तरेला एक खाडी आहे.”

रविवार आता त्या लांबुडकीचे. माझ्याकडे बाकीचे दिवस. बाईंची बोटं पुन्हा सुरी धरू लागली आहेत; त्या थोडं काम करतात, अवघड कवळ्या त्यांच्याकडेच येतात. त्यांना घेऊन मी सकाळी जाते, दुपारी परत येते. अंतर लहान आहे. चौकात बाई खाली उतरतात आणि आम्ही चालत रस्ता ओलांडतो. मला त्यात कमीपणा वाटत नाही.

तुमच्या जिन्याखाली, गॅलरीत, माळ्यावर माझी एखादी बहीण उभी असेल. तिला आधी पुसा. हवा भरा. गिअर जड वाटला तर हलका करून घ्या. त्यात लाज कसली? दम लागला तर उतरा, तिला हाताला धरून चाला. पण चांगली हवा दारात आली असताना त्या हवेला पुढच्या वर्षी ये म्हणू नका. ती येईल. तिला तुम्ही भेटाल का, ते आजच बघून घ्या.

चला, थांबते. पाऊस उघडलाय, खालचा रस्ता सुकायला लागलाय आणि आत बाई बूट शोधतायत.