फ्रेंच काकूंचा हार

"शरयू, शैलजाताईंना जरा सरकव गं. काकूंना जागा नको का?"

अहिल्याकाकूंनी पिशवीतून एक फ्रेम काढली आणि शैलजाताईंच्या, म्हणजे माझ्या आईच्या, फोटोशेजारी उभी केली. निळ्या झग्यातली, डोक्याला पांढरं वस्त्र बांधलेली एक बाई मेजाशी लिहीत बसलेली, पायाशी पांढरं कुत्रं. जुन्या हस्तलिखितातलं चित्र, लायब्ररीच्या प्रिंटरवर छापलेलं. अहिल्याकाकूंनी शेवंतीचे दोन हार घरी ओवून आणले होते. एक त्यांनी आईला घातला आणि दुसरा त्या बाईला.

ती बाई म्हणजे फ्रेंच काकू. सहाशे वर्षांपूर्वीची पॅरिसची लेखिका. पंचविशीत नवरा गेला, मागे तीन मुलं आणि म्हातारी आई. तिने लेखणीवर घर चालवलं. बायकांना तुच्छ लेखणाऱ्या पंडितांना लिहून उत्तरं दिली. माझी आई नागपूरला फ्रेंच शिकवायची. अमेरिकेत श्रूजबरीला माझ्याकडे राहायला आल्यावर ती दर बुधवारी लायब्ररीच्या एका खोलीत अहिल्याकाकू, यामिनीमावशी आणि आज जमलेल्या या बायकांना त्या लेखिकेची गोष्ट सांगू लागली. नातवंडं सांभाळायला आलेल्या, ड्रायव्हिंग न येणाऱ्या, दिवसभर घरात अडकून पडलेल्या बायका. लेखिकेचं नाव त्यांच्या जिभेवर बसेना, म्हणून ती फ्रेंच काकू झाली. मी इथल्या कॉलेजात साहित्य शिकवते. त्या बुधवारांना मी कधी गेले नव्हते.

आईला जाऊन महिना झाला होता. आज घरी ठेवलेल्या प्रार्थनेला आमच्या विभागाची प्रमुख डॉना यायची होती. लेखिकेच्या चित्राला घातलेला हार तिला कसा समजावून सांगायचा, या विचाराने मला कानकोंडं झालं. बायका चहाला आत वळल्या, तेवढ्यात मी फ्रेम उचलली आणि लाँड्री रूममध्ये वॉशिंग मशीनवर पालथी घातली.

परत आल्यावर अहिल्याकाकूंनी रिकाम्या जागेकडे पाहिलं.

भजन झालं. डॉना माझ्या शेजारी, पाठ ताठ ठेवून, मांडी घालायचा प्रयत्न करत बसली होती. यामिनीमावशींनी अहिल्याकाकूंना कोपराने ढोसलं. "बोल ना गं. घरी तर रेडिओ बंद होत नाही तुझा."

"मला कुठे भाषण येतं? शैलजाताईंनी सांगितलेलं सांगते," काकू म्हणाल्या. "फ्रेंच काकूंच्या लेकीला दमा होता. काकू दोन खोल्यांच्या मधल्या दारात बसून काम करायच्या. पोरगी आत निजलेली. पदराचं टोक तिच्या मनगटाला बांधून ठेवायच्या. धाप लागली की पोरीला हाक मारता यायची नाही ना, मग तिनं पदर ओढायचा."

मी हसले. मोठ्याने नाही, पण सगळ्यांना ऐकू जाईल इतपत.

"काकू, पॅरिसमध्ये पदर कुठून आला? आणि दम्याचा उल्लेख कुठेच नाही. तिची मुलगी तर नन झाली."

डॉनाला इंग्रजीत सांगून मी तिलाही हसवलं. खोलीत बाकी कुणी हसलं नाही.

"असेल बाई," यामिनीमावशी म्हणाल्या. "तू शिकलेली. आम्ही आपलं ऐकलेलं सांगतो."

"राहिलंच की," अहिल्याकाकू माझ्याकडे न बघता पुढे म्हणाल्या. "पोरगी मोठी द्वाड. आईनं आपल्याकडे बघावं म्हणून उगाचच ओढायची. तरी काकू दर वेळी उठायच्या. शैलजाताईंना मी विचारलं, कळायचं नाही का हो त्यांना? तर म्हणाल्या, कळायचं की. पण खोटं म्हणून उठले नाही, आणि नेमकं खरं असलं तर?"

माझा उजवा हात डाव्या मनगटावर गेला.

आईची हिरव्या काठाची सुती साडी. बाहेरच्या खोलीत शिकवणीच्या मुली एका सुरात क्रियापदं म्हणायच्या. बाबा आदल्याच वर्षी गेले होते. आत मी, छातीत शिट्टी वाजत पडलेली. आणि कधी कधी शिट्टी वाजत नसतानाही. मी पदर ओढायचे. क्रियापदं थांबायची, आई दारातून वळायची. हे मी कोणाला सांगितलेलं नव्हतं. आईने मला, तुला आठवतं का, असंही कधी विचारलं नव्हतं. तिने ते या बायकांना सांगितलं, दुसऱ्या बाईच्या नावावर.

डॉनाने हळूच विचारलं, "काय म्हणाल्या त्या?"

"काही नाही," मी म्हणाले. "अशीच एक जुनी गोष्ट."

बायका निघाल्या. आमच्याकडे सगळे गॅरेजमधूनच येतात-जातात आणि लाँड्री रूम त्याच वाटेवर, त्यामुळे चपला-बूट तिथेच काढलेले असतात. हे माझ्या लक्षात आलं तेव्हा उशीर झाला होता. आतली बडबड एकदम थांबली. मी धावत गेले.

अहिल्याकाकूंनी फ्रेम सुलटी केली होती. हार खाली दबून चपटा झाला होता. त्या पदराने काच पुसत होत्या, सावकाश, एखाद्या मुलाचं तोंड पुसावं तशा.

"काकू, मी जरा..."

"असू दे गं. हिला मी घेऊन जाते. बुधवारी लागेल."

फ्रेम पिशवीत गेली. काकू स्टुलावर बसून, साडी किंचित वर घेऊन स्निकर्सच्या नाड्या बांधू लागल्या. मी तिथेच उभी राहिले.

"बुधवारी मी आले तर चालेल?"

त्यांनी दुसरी नाडी बांधून घेतली.

"ये की. पण ऐकायला ये."

गाडी गेली. गॅरेजचं दार खडखडत खाली आलं. वॉशिंग मशीनवर शेवंतीच्या पाकळ्या सांडल्या होत्या. त्या ओंजळीत गोळा करून मी आत निघाले, तर मागून ओढणीला ओढ बसली.

मी लगेच वळले.

ओढणीचं टोक मशीनच्या दाराच्या हँडलमध्ये अडकलं होतं.