करवतीने खाल्लेली जागा

करवत फळी कापते तेव्हा पात्याच्या जाडीएवढं लाकूड खाऊन टाकते. त्या खाल्लेल्या फटीला आमच्या सुतारकामाच्या कारखान्यात कर्फ म्हणतात. शब्द इंग्रजी, पण सासऱ्यांच्या तोंडी शिवीसारखा बसलेला. मापात कर्फ धरायला कोणी विसरलं की शेवटचा तुकडा आखूड पडायचा आणि दिवसभर सासऱ्यांच्या तोंडाचा पट्टा सुरू. त्यांच्या लेखी कर्फ म्हणजे निव्वळ नासाडी.

मी लग्नानंतर हिशेब बघायला म्हणून कारखान्यात शिरले आणि करवतीपाशीच रमले. सासऱ्यांना ते मुळीच पटत नव्हतं. मला त्यांचं न पटणं पटत नव्हतं, त्यामुळे फिट्टंफाट.

मग एका दवाखान्याचं काम आलं. दोन गोल काउंटर, आणि दर्शनी फळी एकसंध हवी, सांधा दिसता कामा नये. एवढी जाड फळी वाकायची नाही म्हणून सासरे काम परत करायला निघाले. मी म्हटलं, फळीच्या पाठीवर एकमेकांलगत कर्फ पाडू, समोरचा पातळ पापुद्रा तेवढा शाबूत ठेवू, मग ती वाकेल. उरल्यासुरल्या तुकड्यांवर मी ते करून पाहिलं होतं.

त्यांनी कपाळाला हात लावला. "चांगल्या फळीची चाळण करणार? कर. पण तडा गेला तर पुन्हा करवतीला हात लावायचा नाही."

"नाही लावणार," मी म्हटलं. नवरा मध्ये पडायला आला, त्याला डोळ्यांनीच गप्प केलं.

पातं केसभर जरी जास्त खोल गेलं असतं तरी कारभार आटोपला असता. खाचा पाडून झाल्यावर फळीवरून गरम पाण्याचा फडका फिरवला आणि आम्ही नवराबायको दोन टोकं धरून ती लाकडी साच्याभोवती ओढू लागलो. फळी करकरली. नवऱ्याच्या तोंडचं पाणी पळालं. माझंही धाबं दणाणलं होतं, पण मी टोक सोडलं नाही. पाठीवरच्या खाचा एकेक करून मिटत गेल्या आणि फळी निमूटपणे साच्याला टेकली.

सासऱ्यांनी चष्मा पुसून तडा शोधला, मग नखाने चाचपून शोधला. सापडला नाही. माझा आनंद पोटात मावेना आणि मी तो लपवलाही नाही, चक्क टाळ्या पिटल्या.

सासरे बराच वेळ त्या गोलाईवरून हात फिरवत राहिले. मग त्यांनी दुसऱ्या काउंटरची फळी स्वतः उचलून आणली.

"खाचा किती अंतरावर पाडायच्या," ते म्हणाले, "ते मला शिकव."

मी करवत सुरू केली आणि त्यांना शेजारी उभं केलं.