मधल्या शेताची प्रतिकृती

मित्रांनो, मी एक जुनी प्रतिकृती आहे. जी वस्ती अजून बांधायची होती, तिचे मी पुठ्ठ्याचे लहानसे रूप. चाळीस घरे, एक विहीर, एक गोठा आणि या सगळ्यांच्या मधोमध शेत, एवढा माझा संसार.

मला एका आर्किटेक्ट बाईंनी घडवले. जमीन एका शेतकरी काकांची होती. मधले शेत पिकते राहील, या एकाच अटीवर त्यांनी ती वस्तीला दिली. मी तयार झाले तेव्हा ते माझ्यावर वाकून बराच वेळ बघत राहिले.

"बाई, वारा गोठ्याकडून येतो. ही अकरा घरं नाक दाबूनच स्वयंपाक करतील बघा."

बाई खो खो हसल्या. मग त्यांनी ती अकराही घरे उपटली आणि दुसऱ्या बाजूला चिकटवली. डिंकाचे ते डाग अजून माझ्या अंगावर आहेत.

वस्ती उभी राहिली. मला काचेच्या पेटीत घालून सभागृहात मांडले. मुले काचेला नाक लावून आपापले घर शोधत. दर रविवारी प्रत्येक घरातले एक माणूस शेतात राबे, आणि चिखलाच्या पायांनीच सगळे चहाला माझ्याभोवती जमत. तेच माझे सुखाचे दिवस.

पुढे कुणाची पाठ धरली, कुणाकडे पाहुणे आले. रविवारी काका एकटेच उरले. सभागृहात टेबल टेनिसचे टेबल आले आणि माझी रवानगी अवजारांच्या खोलीत झाली. काच फुटली. उंदरांनी दोन घरे कुरतडली. दार उघडे ते फक्त काकांसाठी. खुरपे घेताना ते माझ्यावरची धूळ फुंकून जात. दिवसभरात तेवढीच काय ती सोबत.

मग एका शनिवारी सभा भरली. शेताच्या जागी गाड्या उभ्या करायच्या, असा ठराव होता. बाई आल्या. त्यांचे केस पिकले होते. त्यांनी मला उचलून सभेच्या मध्ये ठेवले.

"हे शेत गेलं, तर मग या वस्तीत राहिलं काय?"

मग बाईंनी सगळ्यांवरून नजर फिरवली.

"शेत राहावं असं कुणाकुणाला वाटतं?"

एकेक करत सगळे हात वर गेले. टाळ्या झाल्या. काकांनी डोळे पुसले आणि मला परत अवजारांच्या खोलीत नेऊन ठेवले.

दुसऱ्या दिवशी रविवार. काकांनी पहाटेच खोलीतली सगळी खुरपी काढली, पुसली आणि बांधावर ओळीने मांडून ठेवली. ऊन चढले. घराघरांतून भांड्यांचे आवाज आले. माणूस एकही आले नाही. काकांनी एक खुरपे स्वतःला ठेवले आणि बाकीची परत माझ्याजवळ आणून टाकली.

"तणाला काय, सभा कळते होय?" एवढेच ते म्हणाले आणि शेतात गेले.

मित्रांनो, मी पुठ्ठ्याची, मला तण काढता येत नाही. तुम्हाला येते. सभेत वर केलेला हात एकदा मातीपर्यंत खाली येऊ द्या. काका अजून पहिल्याच वाफ्यात आहेत. खुरपी इथे दारामागे आहेत, आणि दाराला कडी नाही.