दिल्लीची वेळ आणि वर्ध्याची गारगोटी

१९७६ साली वर्ध्याच्या एका महाविद्यालयात प्राचार्यांचा लेखी आदेश निघाला : प्रयोगशाळेतील स्फटिक-आंदोलक (गारगोटीच्या कंपनांवर चालणारे घड्याळ) रोज सकाळी रेडिओवरून येणाऱ्या दिल्लीच्या वेळसंकेताशी जुळवून घ्यावा व तशी नोंद करावी. दिल्लीशी जुळवून घेण्याची हौस आणीबाणीच्या त्या वर्षी इतकी सार्वत्रिक होती, की एक गारगोटीचा तुकडा तरी त्यातून का सुटावा?

आंदोलक भौतिकशास्त्राच्या प्रभाकररावांनी दोन वर्षे खपून उभा केला होता. सोमवारी तपासणी समिती यायची होती. दिल्लीशी पडणाऱ्या रोजच्या फरकाच्या आलेखाची रेषा वाकडी निघाली, तर आंदोलक अडगळीत जाणार होता. आणि रेषा तर करवतीच्या दात्यांसारखी होती. फक्त मधले अठरा दिवस ती सुतासारखी सरळ गेली होती. त्या दिवसांत प्रभाकरराव काविळीने घरी पडून होते.

त्या दिवसांत नोंदी ठेवणाऱ्या परिचर डोमाजीला त्यांनी बोलावले. "वहीत रोज 'दुरुस्ती केली' असं लिहिलंत. जुळवणीची खुंटी फिरवली होती?"

"नाई जी."

"का?"

"रेडू रोज येगळंच सांगून राह्यला होता. कोनाचं आयकाव? तुमी कधी पेरणीले तिफन धरली का, सर? वावराच्या धुऱ्यावरच्या पळसावर नजर ठेवाची अन् बैलाले चालू द्याचं. पावलोपावली हात वाकवला त जमिनीतला तास वाकडाच." मग हळूच, "प्रिन्सिपल सायबाले नका सांगू जी."

प्रभाकररावांनी पुन्हा आलेखाकडे पाहिले. दिल्लीचे आण्विक घड्याळ निर्दोष. पण त्याचा संकेत आकाशातल्या थरांवर आपटत, हेलकावत येतो. स्फटिक दिवसभर स्थिर, मात्र महिन्याभरात हळूहळू वाहवत जातो. म्हणून दिवसाचा भरवसा स्फटिकावर, महिन्याचा दिल्लीवर. हे त्यांनी तीन भाषांत वाचले होते, आणि तरीही रोज सकाळी खुंटी त्यांनीच पिळली होती. आपला राग डोमाजीवर नाही, स्वतःवरच आहे, हे त्यांना आता समजले.

डोमाजीच्या अठराही नोंदींखाली त्यांनी लिहिले : 'प्रत्यक्षात दुरुस्ती केली नाही. माझ्या सांगण्यावरून.' अहवालात पुढे जोडले : 'रोज केवळ फरक टिपावा, खुंटी महिन्याच्या सरासरीने, एकदाच फिरवावी.'

"मले त तुमी कायीच सांगतलं नोतं," डोमाजी म्हणाला.

"सांगायला हवं होतं."

त्या अठरा दिवसांची सरळ रेषा पाहून समितीने आंदोलक ठेवला. प्राचार्यांनी प्रभाकररावांना आदेशभंगाची नोटीस दिली. खुलासा गुरुवारी अकराच्या आत मागितला. प्रभाकररावांनी तो अकराला एक सेकंद कमी असताना टेबलावर ठेवला. वेळ त्यांनी स्फटिकावर पाहिली होती.