ब्लोअर, वाळा आणि बायजामावशी

रुपराव काळबांडे यांना कुणी ‘कूलरवाले’ म्हटलं की त्यांच्या मिशीचं डावं टोक खाली येत असे. आणि नागपुरात त्यांना दुसरं काही म्हणणारं माणूस सापडणं कठीण होतं. कळमेश्वरच्या औद्योगिक वसाहतीत त्यांची पत्र्याची शेड होती. होळी आटोपली की शहरातल्या कितीतरी खिडक्यांत त्यांनीच केलेले कूलर घरघरू लागत, आणि लग्नाच्या पंगतीत वाढपी थांबून त्यांना विचारत, भाऊ, कूलरच्या ताटीचा वाळा औंदा बदलावा लागन का?

रुपरावांचं म्हणणं असं की आपण मुळात इंजिनाचे माणूस. कूलर हा पोटाचा धंदा. उन्हाळा सोडून बाकी दिवस ते डाळ मिलचे ब्लोअर दुरुस्त करत, आणि ब्लोअर म्हणजे हवा दाबून पुढं ढकलणारं यंत्र. तीच हवा मोटारीच्या इंजिनात दाबून भरली की इंजिनाची ताकद दीडपट होते. हे ते सासुरवाडीच्या जेवणातही समजावून सांगत आणि तोवर त्यांची कढी निवून जाई. वाडीच्या एका ट्रकवाल्याच्या गाडीला त्यांनी असा ब्लोअर बसवूनही दिला होता. त्या ट्रकवाल्यानं मुंबईत कुठं तरी तारीफ केली आणि ती फिरत फिरत दत्तोपंत सबनिसांच्या कानावर गेली.

सबनीस विलायती गाड्यांचे सुटे भाग विकत. त्यांच्याकडं एक जपानी स्पोर्ट्स गाडी होती: दोन माणसांची, जमिनीला पोट घासेल इतकी बुटकी. तिच्या इंजिनात पिस्टन नावालाही नव्हता. एक तीन कोनांचा लोखंडी गोळा नुसता पोटात गरगर फिरे, आणि त्याच्या कोनांवर बसवलेल्या बोटभर रुंद पट्ट्या सगळा दाब धरून ठेवत. असल्या गाड्या देशात दहा-बाराच असतील. त्यांचे मालक श्रीमंत आणि उतावीळ. प्रत्येकानं परदेशातून ब्लोअरचा सेट मागवला आणि प्रत्येकानं इंजिन फोडून घेतलं. कारण साधं होतं. दाबलेली हवा तापते, त्यात आपल्याकडचं पेट्रोल हे असं, म्हणजे नको त्या वेळी भडका उडतो, इंजिन खडखडतं आणि त्या पट्ट्या पापडासारख्या मोडतात.

त्र्याऐंशीच्या फेब्रुवारीत सबनिसांनी गाडी ट्रकवर घालून कळमेश्वरला पाठवली आणि ट्रंक कॉलवर आपली अट सांगितली. मे महिन्यात, भर दुपारी, ते स्वतः गाडी कोंढाळीपर्यंत नेऊन परत आणतील. इंजिन शाबूत राहिलं तर सगळ्या मालकांसाठी सेट रुपरावांकडूनच. मात्र पाणीबिणी भरायची भानगड नको; एका परदेशी सेटमध्ये ती होती, आणि मालक लोक पाणी भरायला हमखास विसरतात.

रुपरावांनी तीन महिने कूलरकडं ढुंकून पाहिलं नाही. तो सगळा व्याप त्यांच्या बायकोच्या, शामलाबाईंच्या गळ्यात पडला. तशा त्या कारागिरांना रुपरावांपेक्षा जास्त धाकात ठेवत, त्यामुळं धंद्याचं नुकसान न होता उलट दोन कारागीर वेळेवर यायला लागले.

ब्लोअर उत्तम झाला. त्याचा पट्टा, पुली, कंस सगळं असं बेतलं की चार पाने आणि एक दुपार एवढ्यात कुणीही बसवावं. अडलं ते गरम हवेपाशी. रुपरावांनी हवा तांब्याच्या नळीतून फिरवली, नळी गाडीच्या नाकापुढं ठेवली. पण मार्चअखेर नागपूरचा वाराच तापलेला, तो काय थंड करणार? इंजिन खडखडायला लागलं की रुपराव दातओठ दाबून किल्ली बंद करत. शेवटी एका दुपारी ते घामाघूम होऊन आपल्याच कूलरपुढं बसले, गार झुळूक तोंडावर आली, आणि ते त्याच्या ओल्या ताटीकडं टक लावून पाहू लागले.

दुसऱ्या दिवशी तांब्याच्या नळीभोवती पत्र्याचा डबा आला आणि डब्यात ओला वाळा ठासला गेला. गाडी पळाली की वारा वाळ्यातून जाई, नळी गार पडे, आणि इंजिन अवाक्षर न काढता धावे. म्हणजे ज्या कूलरपासून सुटका हवी होती तोच रुपरावांनी गाडीच्या बोनटखाली बसवला. त्यांनी डब्याला काळा रंग मारला आणि त्याला नाव दिलं ‘विशेष शीतक’.

एवढ्यानं भागत नव्हतं. वाळा ओला राहायला पाणी लागतं, आणि सबनिसांनी तर पाण्याला बंदी घातलेली. डबा लहान, एका भरण्यात जेमतेम बाजारगावपर्यंत मजल. रुपरावांनी बोनटला एक ऐटदार जाळी बसवली. बाहेरून वाटे हवा जायला; खाली नरसाळं होतं, ते थेट डब्यात उतरत होतं. आणि रस्त्यावर पाणी कोण ओतणार, तर नातेवाईक. बाजारगावला धाकटी बहीण सिंधूताई, कोंढाळीला बायजामावशी. पाहुण्याची नवी गाडी दाराशी आली की बाई भाकरतुकडा ओवाळते, चाकांवर पाणी घालते. त्यातलं घागरभर पाणी बोनटवर गेलं तर मुंबईच्या माणसाला काय कळतं?

बेत ऐकून शामलाबाईंनी हातातला पंप खाली ठेवला.

“अन् पाणी सरलं तर?”

“सरत नाई वं. दोन दोन बायका उभ्या करून राहिलो ना मी.”

“कूलरचं पाणी सरलं तं गरम हवा येते, माणूस मरत नाई,” त्या म्हणाल्या. “तुमच्या गाडीचं सरलं तं इंजिन मरते. हे कशाचं इंजिनियरिंग?”

हा टोला रुपरावांना इतका लागला की त्यांनी ट्रकच्या रेडिएटरमधली, गरम झालं की आपोआप उघडणारी झडप आणून नळीवर बसवली. हवा फार तापली की झडप उघडे, ब्लोअरचा दाब बाहेर सुटे आणि गाडी मुकाट्यानं साध्या गाडीसारखी चाले. बसवली खरी, पण त्यांना तिची लाज वाटे. दीडपट ताकदीची गाडी ऐन वेळी शेपूट घालणार, हे काय दाखवायचं असतं? चाचणीच्या दिवशी सकाळी, मिशीला तेल लावता लावता, त्यांनी शामलाबाईंना सांगितलं की त्या झडपेवर पत्र्याची चकती ठोकून ती बंद करून टाक. त्या ‘बरं’ म्हणाल्या. रुपरावांनी आरशातून त्यांचं तोंड पाहिलं असतं तर पुढचा त्रास वाचला असता.

सबनीस आले ते बारीक अंगाचे, पांढऱ्या टोपीचे, मोजकं बोलणारे गृहस्थ. बोनट उघडून त्यांनी सगळं पाहिलं, काळ्या डब्यावर बोटानं टिचकी मारली आणि ते स्टिअरिंगपाशी बसले. शेजारी रुपराव गुडघे छातीशी घेऊन मावले. ऊन असं होतं की गोंडखैरीच्या फाट्यावर कुत्रंसुद्धा सावलीतून उठलं नाही.

गाडी अमरावती रोडला लागली आणि सबनिसांनी पाय दाबला. ब्लोअर शीळ घालू लागला. पुढचे ट्रक मागं पडू लागले. रुपरावांच्या छातीत जे काही होत होतं त्याला आनंद म्हणणं कमी पडेल. घरातल्या तीन लग्नांचा एकच मुहूर्त लागल्यासारखे ते मोहरून गेले होते. तेवढ्यात सबनिसांनी नाक फेंदारलं.

“काळबांडे, हा वास कसला?”

“वास? माया घरच्या मंडळीनं अत्तर शिंपडलं असन, साहेब. तिले नाद आहे.”

सबनिसांनी ‘छान’ म्हणून मान हलवली.

बाजारगावला सिंधूताईनं झकास काम केलं. भाकरतुकडा ओवाळून टाकला, चार चाकांवर चार थेंब शिंपडले आणि अख्खी घागर जाळीत रिकामी केली. वर हात जोडून ‘पाहुनं, सुखी ऱ्हा’ असंही म्हणाली, जे ठरलेलं नव्हतं. सबनिसांना गहिवरल्यासारखं झालं. इकडच्या लोकांची रीत फार गोड, असं ते पुढं बराच वेळ बोलत राहिले, आणि रुपराव खिडकीबाहेर तोंड करून हसू गिळत राहिले.

कोंढाळीला बायजामावशी दारात उभ्या होत्या. नऊवारीचा पदर खोचलेला, हातात भरली घागर, चेहऱ्यावर गावची सरपंचीण असल्याचा भाव. त्यांनी ओवाळलं. मग घागर तिरपी केली आणि पहिलं चाक न्हाऊ घातलं. मग दुसरं. तिसऱ्यापाशी रुपराव गाडीला वळसा घालून त्यांच्या कानाशी गेले.

“मावशे, बोनटवर. बोनटवर.”

“चूप बस,” मावशी ओठ न हलवता म्हणाल्या. “मांगच्या साली शेजारच्याच्या विहिरीच्या मोटरवर पानी पडलं तं मोटर जळली. तुया गाडीवर माया हातानं पानी टाकू का? चार लोकांत नाव घालवतं का गा मायं?”

“ही मोटर निराळी आहे वं.”

“मोटर ते मोटर.”

आणि उरलेलं सगळं पाणी त्यांनी चौथ्या चाकावर, शेवटचे थेंब सबनिसांच्या पायांवर घातले. रुपरावांनी आणखी एक घागर मागितली असती, पण सबनीस तिथंच उभे राहून टोपीनं वारा घेत होते, आणि शीतकाला पाणी लागत नाही हे रुपरावांचं त्यांना वाटेत दोनदा सांगून झालं होतं. चहा झाला. सबनीस तो सावकाश प्याले. निघताना त्यांनी जाळीवर तळहात ठेवून पाहिला, रुपरावांकडं पाहिलं, आणि गाडी सुरू केली.

परतीची वाट रुपरावांना जन्मभर लक्षात राहिली. बाजारगाव यायच्या आधीच वाळ्याचा वास विरला. सिंधूताई रस्त्यावर दिसेना. ती बिचारी काम फत्ते झालं समजून झोपली होती. रुपराव म्हणाले, साहेब, थोडं दमानं घेऊ, रस्ता खराब आहे. सबनीस म्हणाले, रस्ता तर छान आहे, आणि पाय आणखी दाबला. रुपरावांनी डोळे मिटले. झडप बंद, पाणी संपलेलं, बाहेर ही आग. आता खडखड येईल, मग कडकन आवाज, मग ट्रकवर घालून गाडी मुंबईला आणि आपण पुन्हा ताट्यांना वाळा बांधायला. त्यांनी सीटची कड इतकी घट्ट धरली की तिची शिवण उसवली.

खडखड आली नाही. ब्लोअरची शीळ आपली हळूहळू खाली उतरली, जसं भांडणारं माणूस दमून बसावं, आणि गाडी साध्या चालीनं चालू लागली. मघाशी मागं टाकलेला एक ट्रक आरामात पुढं गेला; त्याच्या क्लीनरनं वळून हातही हलवला. रुपरावांना एका डोळ्यानं हायसं वाटत होतं आणि दुसऱ्यानं ट्रकचा मागचा भाग दिसत होता.

शेडमध्ये शामलाबाई पाण्याचे पेले घेऊन उभ्या होत्या. सबनिसांनी पेला रिकामा केला, बोनट उघडलं, रुमालानं धरून काळ्या डब्याचं झाकण काढलं. आत वाळा, चिवड्यासारखा कोरडा.

“माझी सासुरवाडी अकोल्याची आहे,” ते म्हणाले. “सोळा उन्हाळे तिथल्या कूलरपुढं झोपलोय. आणि भाकरतुकडा ओवाळताना बोनटवर घागर रिकामी करणारी बाई मी आज पहिल्यांदा पाहिली.”

पेट्रोल खराब होतं, असं काही तरी रुपराव पुटपुटले.

“त्या गाडीमालकांपैकी एकाच्या तरी डब्यात पाणी असेल असं वाटतं तुम्हाला? कोंढाळीला मावशींनी ते बाहेर ओतलं आणि मला हवी होती तीच वेळ आली. म्हणून तर परत येताना दामटली.” त्यांनी नळीवर बोट ठेवलं. “दाब सुटला तो इथून. ही झडप का?”

“ते तं बंद होती,” रुपराव म्हणाले आणि शामलाबाईंकडं वळले.

“उघडीच आहे जी,” शामलाबाई म्हणाल्या. “हे बंद कर म्हणे. मी बरं म्हणलं.”

“बंद केली नाहीत?”

“काहून करू? बरं म्हणायले काय लागते.”

सबनीस पहिल्यांदा मोकळं हसले. मग त्यांनी जे सांगितलं ते रुपराव खाली मान घालून ऐकत होते. सेट सगळ्या मालकांसाठी घ्यायचे. पाण्याचा डबा उघड उघड, मोठ्या टोपणाचा. आणि झडपेला असं सील की ती कुणालाही बंद करता येऊ नये. ‘कुणालाही’ म्हणताना ते रुपरावांकडं पाहत होते. रुपरावांनी ब्लोअरच्या पात्यांची घडण कशी नवी आहे हे सांगायला तोंड उघडलं, पण सबनीस तोवर शामलाबाईंना विचारत होते की झडप किती तापल्यावर उघडते, आणि त्या सांगत होत्या.

चार दिवसांनी रुपराव पेढे घेऊन कोंढाळीला गेले. मावशीला दोन शब्द सुनवायचे असं त्यांनी वाटेत पक्कं केलं होतं. ओसरीवर शेजारच्या बाया जमल्या होत्या आणि मावशी मध्यभागी बसून सांगत होत्या की मुंबईचा साहेब किती मोठा, गाडी किती बुटकी, आणि आपण ऐन वेळी त्या येड्याचं न ऐकता इंजिनावर पाणी पडू दिलं नाही म्हणून आज हा दिवस दिसला.

“सांग ना गा बापू यायले,” त्या म्हणाल्या. “पानी टाकलं असतं तं भेटलं असतं का तुले काम?”

रुपराव पेढ्यांचं पुडकं हातात धरून उभे राहिले. त्यांनी मनातल्या मनात सगळं पुढून मागून आणि मागून पुढं लावून पाहिलं.

“नसतं भेटलं, मावशे,” ते शेवटी म्हणाले, आणि मिशीचं डावं टोक खाली गेलेलं कुणाला दिसू नये म्हणून आधी स्वतःच एक पेढा तोंडात टाकला.