अडसष्ट किलो

"चढा," कुंडलिककाका म्हणाले.

"अहो, सांगितलं ना. सत्तर."

"मी कुठं नाय म्हनलो? चढा."

डोंबिवलीचे गृहस्थ माझ्याकडे बघू लागले. टेबलामागे बसलेला माणूस शिकलेला असणार आणि तो आपली बाजू घेणार, असं पाहुण्यांना नेहमी वाटतं. मी रजिस्टरात मान घातली. शेवटी ते चढले. काकांनी दांडीवरचं सरकतं वजन सत्तरवर नेलं, तशी दांडी ठक्कन वर आपटली. पंचाहत्तरवर आपटली, ऐंशीवरही आपटली. ब्याऐंशीला येऊन ती एकदाची अधांतरी थांबली.

"लबाड," काका म्हणाले. मोठ्यानं नाही, पण ऐकू जाईल इतपत.

हा वजनकाटा धसईच्या एका बंद पडलेल्या भातगिरणीतला. काकांनी तो टेम्पोत घालून आणला आणि आमच्या कॅम्पच्या सामानाच्या शेडमध्ये दाराशीच ठेवला. टोकावड्याच्या पुढं, काळू नदीच्या काठावर आमचा कॅम्प. पावसाळ्यात नदी दगडांवरून उड्या मारत जाते आणि शहरातली माणसं हजार कामं सोडून तिच्यात बुडायला येतात. त्यांना आम्ही कयाक देतो. कयाक म्हणजे एकट्या माणसाची, वरून झाकलेली, दोन्ही टोकांना निमुळती होडी. काका तिला टोपली म्हणत. मी मुरबाडच्या कॉलेजात बी.कॉम. झालो आणि चौतिसाव्या वर्षी टोपलीत बसणाऱ्यांची आडनावं लिहीत होतो, तेव्हा काकांनी मला काय म्हणावं हा प्रश्नच नव्हता. ते मला टेबलवाला म्हणत.

"मला ती लाल द्या," डोंबिवलीकर म्हणाले.

"रंग बघून बैल घेतो का कोन?" काकांनी कोपऱ्यातली मळकट पिवळी कयाक पायानं पुढं सरकवली. "ही तुमची. लाल पासष्टच्या आतल्यांची हाय. तुमी बसलात तर निम्मी पान्याखाली जाईल. जड मानूस हलक्या टोपलीत बुडतो, हलका मानूस जड टोपलीत उडतो. वल्ह्याचं काय ते मागून बघू."

मग नेहमीची पूजा झाली. कमरेभोवतीचं ते रबरी कापड, जे कयाकच्या तोंडाला घट्ट बसवलं की पाणी आत येत नाही, त्याला कंपनीवाले स्कर्ट म्हणतात आणि काका परकर म्हणत. परकर नेसताना पुरुषांची तोंडं बघण्यासारखी होतात. हेल्मेट घालून मान हलवायला लावायची. लाइफ जॅकेटचे पट्टे आवळून झाले की काका ते दोन्ही खांद्यांवर धरून वर खेचत. जॅकेट कानांच्या वर गेलं तर नापास. सगळ्यात शेवटी गिऱ्हाइकाला कयाकमध्ये बसवून कमरेच्या दोन्ही बाजूंना बोट घालून बघत. बोट आत गेलं तर कयाक चुकीची.

"नदीला थाप चालत नाय," ते म्हणत. "बायका पाच किलो चोरतात, बाप्ये दहा. आनि बुडायला लागले का मलाच हाका मारतात."

हे मात्र खरं होतं. काका बचाव होडीवर होते. कोणी उलटलं की ते आपली जुनी कयाक घेऊन प्रवाहात घुसत आणि माणसाला ओढून काढत. नऊ वर्षांत अकरा जण काढले. त्यांतल्या एकाचंही नाव त्यांना आठवत नसे. 'तो ब्यान्नव किलोचा', 'ती सत्तावन्नवाली' असं ते सांगत. त्याआधी, पूल नव्हता तेव्हा, ट्रकच्या ट्यूबांवर बांबू बांधून पंधरा पावसाळे त्यांनी मास्तर, भाताची पोती आणि अडलेल्या बाया या काठावरून त्या काठाला नेल्या होत्या. पुलाच्या उद्घाटनाला ते गेले नाहीत. पूल वाकडा आहे असं त्यांचं अजूनही मत आहे.

थोडक्यात, काकांना माणूस आवडत नसे आणि त्यात ते भेदभाव करत नसत. मला त्यांचा राग यायचा. पण खरं सांगायचं तर मलाही पाहुणे तुच्छच वाटत, फक्त ते तोंडावर म्हणायची माझी छाती नव्हती. ते काम काका माझ्या वतीनं करून टाकत.

मालक प्रज्वलशेठ ठाण्याचे. यंदा नारळी पौर्णिमेनंतरच्या रविवारी त्यांनी शर्यत ठेवली. वरच्या बंधाऱ्यापासून खालच्या पुलापर्यंत दोन किलोमीटर. त्यासाठी पुण्याहून शर्यतीच्या दोन नव्या कयाक आल्या, लांब, अरुंद आणि इतक्या गुळगुळीत की हात लावायला भीती वाटावी. एक मोठी, पासष्ट ते नव्वद किलोंच्या माणसासाठी. एक लहान, पंचेचाळीस ते पासष्ट. आकडे बुडाशी छापलेलेच होते.

गुरुवारी शेठनी आम्हाला बोलावलं.

"काका, विमावाल्यांची अट आलीय. बचाव होडीवर जो असेल त्यानं हे अंतर बारा मिनिटांत काढून दाखवायचं. रविवारी शर्यतीतच होऊन जाऊ दे. तुम्ही आणि दामिनी."

दामिनी धसईची. तीन वर्षांपूर्वी काकांच्या हाताखाली आली होती आणि तिला ते 'बरी' म्हणत, म्हणजे केवढी मोठी पदवी ती.

"आनि नाय जमलं तर?" काकांनी विचारलं.

"तर शेडमधलं काम आहेच की. पगार तोच."

काका हसले. शेठला पगाराचं वाटत होतं. पाण्यावरून उतरून दिवसभर परकर वाळत घालायचे, हे काकांना काय वाटेल ते त्या माणसाला कधी कळणार नव्हतं.

मी फॉर्म भरायला घेतला. नाव, वय सत्तावन्न, गाव. "वजन?"

"अडसष्ट. लिव."

"काट्यावर चढता का, काका? मी सरकवतो."

"माझं वजन तू सांगतोस मला? ट्यूब चालवायचो तवापासून अडसष्ट हाय. लिव."

आता बघा. त्या काट्यावर चढलेल्या माणसाला स्वतःची दांडी सरकवता येत नाही, हात पोचत नाही. दुसरं कोणीतरी लागतं. नऊ वर्षं सरकवणारे काका होते आणि चढणारं सारं जग. काकांचं वजन कोणी केलंच नव्हतं. मी अडसष्ट लिहिलं.

काकांनी मोठी कयाक उचलली, लहान कयाककडे बघितलंही नाही. "ती पोरींची," एवढं म्हणाले.

शुक्रवारी दुपारी हौसाकाकी भाकरी घेऊन आल्या. काका नदीवर होते. काकींनी डबा माझ्या टेबलावर ठेवला आणि उभ्याच राहिल्या.

"संदेश, यांना एकदा त्या काट्यावर घाल की रे."

"का हो काकी?"

"पट्ट्याला दोन भोकं पाडून दिली मी. आखाडापासून अर्धी भाकरी परत येते. इचारलं तर म्हंतात, तुला रांधता येत नाय. तीस वर्सं येत व्हतं, आता येत नाय." त्या डब्याचं झाकण उगाच दाबत होत्या. "माझं ऐकत नाय. तुझं ऐकतील."

काका माझं ऐकतील, या कल्पनेनं मला हसू आलं. मी हसलो. "काकी, ते देवाचं पण ऐकत नाहीत," असं काहीतरी बोललो. बोलताना मला स्वतःचा विनोद आवडलाही. काकी गेल्या.

हे मी सांगतोय कारण आणखी एक गोष्ट आहे. शनिवारी संध्याकाळी मी शेड बंद करायला गेलो, तर काका मोठ्या कयाकमध्ये बसले होते आणि कमरेच्या दोन्ही बाजूंना टॉवेलच्या घड्या कोंबत होते. नुसतं बोट नाही, पंजा जाईल एवढी जागा होती. दुसऱ्या कोणी असं केलं असतं तर काकांनी त्याला सात पिढ्यांसकट शेडबाहेर काढला असता. त्यांनी मला पाहिलं.

"नवी हाय. अजून बसली नाय नीट," ते म्हणाले.

प्लॅस्टिक काही चप्पल नव्हे, वापरून सैल-घट्ट व्हायला. मला हे माहीत होतं, त्यांनीच शिकवलं होतं. मी कुलूप शोधायला लागलो.

रविवारी पाणी चांगलं होतं. मधल्या वळणावर म्हशीएवढा एक दगड आहे, त्याचं डोकं दिसत होतं आणि पाठ बुडाली होती. काका म्हणायचे, शर्यतीला हेच पाणी. काठावर छत्र्या, फोन आणि कणसं खाणारी मंडळी होती. पुण्याहून आलेला एक जण निवेदन करत होता आणि दर वाक्याला 'थरार' म्हणत होता. शर्यतीसाठी पुन्हा आलेले डोंबिवलीकर पिवळ्या कयाकमधून पंधरा मिनिटांत का होईना, पण सरळ उतरले आणि बायकोकडून फोटो काढून घेतला. दामिनीनं आपल्या सवयीच्या लाल कयाकमधून साडेदहा मिनिटांत अंतर काढलं आणि लगेच दोर घेऊन म्हशीच्या दगडापाशी उभी राहिली.

काका निघाले ते पहिल्यापासूनच पाण्यावर नव्हते, पाण्याच्या वर होते. कयाक बुडायला हवी तेवढी बुडतच नव्हती. काका वल्हं मारत होते ते नेमकं, चुकत काहीच नव्हतं, पण प्रत्येक लाट तिला उचलून बाजूला ठेवत होती. हे काठावरच्या कोणाला कळलं नसेल. मला कळलं आणि दामिनीला. तिनं दोर मोकळा करायला घेतला तेव्हा काका अजून वळणाच्या वर होते.

दगडापाशी प्रवाह आत ओढतो. तिथं कयाक कलवून तिची कड पाण्यात रुतवावी लागते. काकांनी अंग टाकलं, पण टाकायला अंगच नव्हतं. कयाक फिरली, आडवी झाली, उलटली. दोन्ही टॉवेल आधी वर आले. मग काका आले, हात हलवत.

दामिनीचा दोर पहिल्या फेकीत पोचला. काकांनी तो धरला नाही. एक क्षण मला वाटलं, धरणारच नाहीत. मग धरला. तिनं खेचलं तसं लाइफ जॅकेट त्यांच्या खांद्यांवरून वर सरकलं, कानांच्या वर, डोक्यापर्यंत, आणि आत काका केवढेसे होते ते सगळ्यांना दिसलं. काठावरच्या लोकांनी टाळ्या वाजवल्या. निवेदक म्हणाला, थरार. आयुष्यात मला इतका कोणाचा तिटकारा आला नव्हता, आणि त्यात मीही होतोच.

संध्याकाळी गाड्या गेल्या. शेठही गेले, जाताना मला हळूच म्हणाले, "काकांना शेडमधल्या कामाचं तू सांग." मी फॉर्म घेऊन शेडमध्ये गेलो. काका हेल्मेटं मोजून खिळ्यांना अडकवत होते. एकोणीस झाली, विसावं माझ्या हातात दिलं आणि काट्यावर जाऊन उभे राहिले.

"सरकव," म्हणाले.

मी वजन अडसष्टवर नेलं. दांडी खाली पडली ती हललीच नाही. पासष्ट. साठ. काका समोर भिंतीकडे बघत होते. पंचावन्नला मी थांबलो, वाटलं एवढ्यावर भागेल.

"सरकव ना. नदी थांबते का कुनासाठी?"

एकावन्नवर दांडी उचलली आणि तरंगत राहिली.

"वल्ल्या कपड्यांचं दीड किलो काढ."

"साडेएकोणपन्नास," मी म्हणालो.

काका काट्यावरच उभे होते. "लबाड," ते म्हणाले. मोठ्यानं नाही, पण ऐकू जाईल इतपत. मग खाली उतरून माझ्या हातातला फॉर्म घेतला, अडसष्टवर बोट ठेवलं. "हे खोड. खरं लिव. आनि खाली लिव, टोपली चुकीची घेतली. पानी बरोबर व्हतं."

मी लिहिलं. "काका, काकी म्हणत होत्या... मी त्या वेळी तुम्हाला..."

"तिला रांधता येतं," काका म्हणाले. "मलाच गिळवत नाय. घास हितं अडकतो." त्यांनी गळ्याखाली दोन बोटं टेकवली, कयाकमध्ये गिऱ्हाइकाच्या कमरेशी टेकवत तशी. "मुरबाडला पयली गाडी किती वाजता?"

"सव्वासहा. पण तिथं दवाखान्यात नुसतं तपासून कल्याणला पाठवतील. मी येतो बरोबर."

"तू टेबल सांभाळ. हौसा येईल." दारातून ते परत वळले. लहान कयाक भिंतीशी होती, तिच्या बुडावर हात फिरवला, छापलेले आकडे बोटानं चाचपले. "हिच्यात अकरा मिंटांत गेलो असतो," म्हणाले आणि गेले.

सकाळी गाडी कॅम्पसमोरून गेली तेव्हा मी रस्त्यावर होतो. काकी खिडकीत होत्या, काका पलीकडे. मी हात केला. काकींनी केला.

नऊ वाजता उल्हासनगरचे चौघे आले. दामिनी नदीवर होती, म्हणून शेड मीच उघडली. त्यांतला एक लाल कयाककडे बोट दाखवत म्हणाला, मी पासष्टचा आहे.

"चढा," मी म्हणालो.

तो कुरकुरत चढला. दांडीवरचं वजन अजून एकावन्नवर होतं. मी त्याला बोट लावलं आणि तसाच उभा राहिलो. माणूस वाट बघत होता. मग मी ते सरकवलं.