सुटलंय तेवढंच

सुटलेले पोपडे तेवढे काढायचे, एवढंच काम जावयाला नेमून दिलं होतं. रविवारी सासूबाई राहायला यायच्या होत्या आणि त्यांच्यासाठी ठेवलेल्या खोलीची भिंत जागोजागी फुगली होती. आजवर हा गृहस्थ पोपड्यांवरच रंग फासून मोकळा व्हायचा, आणि वर्ष सरायच्या आत पोपडे पुन्हा तोंड वर काढायचे. या खेपेला मात्र त्याने कंबर कसली होती. सासूबाई एकट्या राहून खंगत चालल्या होत्या. मुलाकडे राहून पाहिलं, तिथे मन रमेना म्हणून परतल्या. लेकीकडे येतानाही "आठच दिवस बरं का" असं बजावून ठेवलेलं. त्यांनी कायमचं राहावं म्हणून बायकोचा जीव टांगणीला लागला होता, आणि खरं सांगायचं तर याचाही.

त्याने पत्र्याची पट्टी भिंतीला लावली. एक पोपडा निघाला, तर शेजारचा हलला. तो काढला, तर त्याच्या शेजारचा. गड्याच्या अंगातच आलं. रविवारी दुपारी बायको डोकावली तेव्हा भिंत उघडीबोडकी, पलंग धुळीने माखलेला आणि नवरा नखशिखांत पांढरा.

"अरे, सुटलंय तेवढंच काढ म्हटलं होतं ना!"

"सगळंच सुटलं होतं," तो म्हणाला.

तेवढ्यात बेल वाजली. सासूबाईंना ती खोली दाखवताना त्याला तोंड कुठे लपवू असं झालं.

"आई, तू आज बाहेरच्या खोलीत आराम कर. कशाला हात लावू नकोस," बायको घाईघाईने म्हणाली.

"तिकडेही हेच. आराम कर, हात लावू नको. बसून बसून गंज चढला मला!" सासूबाईंनी पिशवी खाली ठेवली आणि भिंतीवरून तळवा फिरवला. शिवणकामात जन्म गेलेला हात तो. "जावईबापू, इथे कड लागतेय. अशीच सोडलीत तर रंगाखालून दिसेल. काचकागद कुठाय?"

"अहो आई, तुम्ही पाहुण्या..."

"द्या इकडे."

मग दोघं घासत बसली. खड्ड्यांत पुट्टी भरली, दुसऱ्या दिवशी ती वाळल्यावर पुन्हा घासली. जावयाने घासलेल्या जागेवर बोट ठेवून सासूबाई विचारायच्या, "हे काय, अर्धीच हजामत?" आणि तो निमूटपणे परत कागद चालवायचा. बोलणी खाताना इतकं बरं त्याला आयुष्यात वाटलं नव्हतं.

प्रायमरचा हात मारून झाला. बायको चहा घेऊन आली. सासूबाई मात्र खिडकीकडच्या भिंतीवर टिचक्या मारून पाहत होत्या.

"हीसुद्धा पोकळ वाजतेय गं. पण एकदम नको. आधी ही पुरी होऊ दे. ती पुढच्या महिन्यात काढू आपण."

"पुढच्या महिन्यात?" बायकोने कप खाली ठेवत विचारलं.

"चालेल, आई," जावई म्हणाला, आणि डोळे पुसायला ओल्या भिंतीकडे वळला.